दुखतं पायात, दबलेलं असतं कमरेत

आजचा भाग नस दबण्यावर. हेडफोन काढू नका, हा फक्त म्हाताऱ्यांचा विषय नाही.

मागच्या दिवाळीत मी अमरावतीहून अकोल्याला बाइकवर गेलो. खड्ड्यांना दोष देता येत नाही, कारण 2022 च्या जूनमध्ये याच रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज रेकॉर्ड झाला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाकून पाण्याची वीस लिटरची कॅन उचलली आन कुल्ल्यापासून तळपायापर्यंत करंट गेला. आजी म्हणाली, "नस चढली असन रे, चोळून घे. बसून जाईन."

मग मी वाचत बसलो, डॉक्टरला भेटलो. कळलं ते सांगतो.

आपण कोड लिहिणारे लोक एक गोष्ट रोज पाहतो: एरर एका फाइलमध्ये दिसते, बग दुसरीकडंच असतो. नसेचं तसंच आहे. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. ती फुगली किंवा फाटली, की शेजारून निघणाऱ्या नसेवर दाब येतो आन सूज येते. मेंदूला वाटतं, तक्रार नस जिथं पोहोचते तिथून आली. म्हणून बिघाड कमरेत आन दुखणं पिंडरीत. पिंडरी चोळून कंबर कशी बरी होईल?

मुंग्या कुठं येतात, त्यावरून अंदाज बांधता येतो. पायाच्या अंगठ्याकडं येत असतील तर बहुतेक कमरेच्या पाचव्या मणक्याची नस. करंगळीकडं आन तळव्याच्या बाहेरच्या कडेला असतील तर तिच्या खालची. रात्री हाताचा अंगठा आन पहिली दोन बोटं बधिर होत असतील तर दाब बरेचदा मनगटात असतो. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा कामी येतो. हाताची करंगळी बधिर होते? मग कोपर पाहा. फोन धरून तासन्‌तास कोपर वाकलेलं ठेवणं हे एक कारण असू शकतं. दोन्ही तळपाय सारखेच जळत असतील तर मात्र नस दबली समजू नका. साखर आन बी12 तपासा.

दिलासा हा की कमरेची दबलेली नस बहुतेकांची ऑपरेशनशिवाय, साधारण 6 ते 12 आठवड्यांत शांत होते. एक-दोन दिवस आराम ठीक, पण महिनाभर खाटेवर पडू नका. झेपेल तेवढं चाला, शेक घ्या, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून मनानं रोज खाऊ नका, पोट आन किडनी दोन्ही बिघडतात. आन झटका देऊन "नस बसवणं"? नस जागेवरून हललेलीच नसते, मग बसवणार काय? उलट झटक्यानं गादी आणखी फाटू शकते.

एमआरआयची घाई पण नको. 2015 मध्ये 3,110 लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या पोरांपैकीही सुमारे 30 टक्के जणांची गादी फुगलेली होती. डॉक्टर रिपोर्ट तुमच्या त्रासाशी जुळवून पाहतात, नुसत्या रिपोर्टवर उपचार करत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लघवी अडली किंवा झालेली कळत नाही, गाडीच्या सीटला टेकणारी जागा बधिर झाली, पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते: यातलं एकही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. इर्विन असो, सर्वोपचार असो, जवळचं असेल ते. तुटलेली नस दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे उशिराची किंमत कळेल.

माझं दुखणं सात आठवड्यांत गेलं. आता कॅन उचलताना गुडघे वाकवतो, कंबर नाही. आजी म्हणते, "तेलानंच बरं झालं." मी हो म्हणतो. पण तुमच्या ग्रुपमध्ये कुणाची चप्पल निसटत असेल, तर त्याला हा भाग आजच पाठवा.