नस काढली, तरी दाढ का ठणकते?

"साडेतीन हजार घालून नस काढली, कॅप बसवली. तरी दाढ ठणकते कशी?" धुणीभांडी करणाऱ्या एका ताईने वस्तीतल्या बैठकीत आम्हाला विचारले. शेजारणींनी निकाल देऊन टाकला होता: मशेरी सोडली नाही, म्हणून. ताई मान खाली घालून बसलेली.

आम्ही तिला दंत महाविद्यालयात नेले. तिरक्या एक्स-रेत वरच्या पहिल्या दाढेच्या मुळातले भरण एका कडेला सरकलेले दिसले. म्हणजे शेजारी आणखी एक नळी होती, न भरलेली. मशेरी वाईटच, पण हे दुखणे तिचे नव्हते.

दाढेच्या मुळात बारीक नळ्या असतात, त्यांत नस आणि रक्तवाहिन्या. रूट कॅनॉल म्हणजे त्या साफ करून भरणे. वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळे, म्हणून नळ्याही तीनच, असे वाटते. पण गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळांना दोन नळ्या असतात. दुसरी फार बारीक, तोंड झाकलेले. खालच्या पहिल्या दाढेला दोन मुळे, काहींना जिभेकडे तिसरे. हा रोग नव्हे, घडणच तशी.

साधा एक्स-रे सपाट. रेशनच्या रांगेत पुढचीच्या मागे उभी असलेली बाई समोरून दिसत नाही, तसे मागच्या नळीचे होते. यंत्र थोडे तिरके धरून दुसरा एक्स-रे काढला की ती बाजूला दिसते. तरीही शंका उरली तर सीबीसीटी. त्यात दाढ सगळ्या बाजूंनी दिसते. मात्र किरणे आणि खर्च दोन्ही जास्त, म्हणून तो कशासाठी हवा ते विचारा. गरोदर असाल तर एक्स-रेआधीच सांगा.

नळ्या किती सापडल्या, किती भरल्या, हेही विचारा. नर्स असून आम्हीच कित्येक वर्षे डॉक्टरांना उलट प्रश्न केला नाही! एक्स-रे मागून घ्या, रेशनकार्डासोबत जपा.

मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूरलाही शासकीय आहे. खर्च खासगीपेक्षा बराच कमी, पण खेपा जास्त, कामावर खाडा पडतो. मात्र गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ताईची दाढ चार खेपांत वाचली. साडेतीन हजार परत मिळाले नाहीत.