पडद्यावरील बिंदु व ग्राहकांच्या अपेक्षा

जपानांतील निंटेंडो कंपनीनें २०१७ सालीं ‘स्विच’ नांवाचें खेळाचें यंत्र विक्रीस आणलें. हातांत धरावें तर त्याचा स्वतःचा ६.२ इंची पडदा. डॉक नांवाच्या बैठकींत बसवावें तर तोच खेळ घरच्या टीव्हीवर. हीं दोन रूपें ध्यानांत ठेविलीं, म्हणजे पुढें त्याविषयीं उठलेल्या अपेक्षांपैकीं रास्त कोणत्या व पोकळ कोणत्या, हें कळण्यास सोपें जाईल.

पडद्यावरील चित्र सूक्ष्म प्रकाशबिंदूंचें, म्हणजे पिक्सेलांचें, बनलेलें असतें. स्विचच्या पडद्यावर ते १२८० गुणिलें ७२०, म्हणजे ९,२१,६०० आहेत. ‘फोर-के’ टीव्हीवर बरोबर नऊपट! तेव्हां सुधारलेलें स्विच फोर-के चित्र देणारेंच हवें, असा घोष सुरू झाला. मार्च २०२१ मध्यें ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेनें तसें वृत्तही दिलें. ऑक्टोबरांत आलेल्या नव्या नमुन्यांत मात्र बिंदु तितकेच राहिले. पडदा तेवढा ७ इंची व ‘ओलेड’ जातीचा झाला. पुष्कळांचा विरस झाला.

वास्तविक येथें थोडें गणित करावयास हवें होतें. सात इंचांत तेवढे बिंदु म्हणजे दर इंचास सुमारें २१०. हातभर अंतरावरून ते सहसा सुटे दिसत नाहींत. उलट ओलेडचा प्रत्येक बिंदु स्वयंप्रकाशी असल्यामुळें काळा रंग खरोखर काळा दिसतो, व हें डोळ्यांस तत्काळ जाणवतें. टीव्हीची गोष्ट निराळी. जुनें स्विच तेथें फार तर १९२० गुणिलें १०८० बिंदु देई. ५५ इंची टीव्हीवर ते दर इंचास अवघे ४० पडतात. तेथें अधिकाची मागणी रास्तच होती.

ती ५ जून २०२५ रोजीं निघालेल्या ‘स्विच २’ नें पुरविली: टीव्हीवर कमाल फोर-के. हा ‘कमाल’ शब्द मात्र वाचकांनीं दोनदां वाचावा. कित्येक खेळांत यंत्र थोडे बिंदु रेखाटतें आणि बाकीचे एन्व्हिडिया कंपनीच्या ‘डीएलएसएस’ युक्तीच्या अनुमानानें भरतें. जीर्ण पोथींतील गळालेलीं अक्षरें जाणता पंडित संदर्भावरून भरतो, तशांतलाच हा प्रकार. बहुधा साधतो, क्वचित् फसतो.

शिवाय हातांतला पडदा ७.९ इंची होऊन तेथेंही बिंदु वाढले, पण ओलेड गेलें व एलसीडी आलें. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणें बॅटरी २ ते ६॥ तास चालते. ओलेड नमुन्यांत ती ४॥ ते ९ तास पुरते. अमेरिकेंतील आरंभींची किंमतही ३४९.९९ डॉलरांवरून ४४९.९९ वर गेली.

नवे खेळ पुष्कळदां स्विच २ साठींच निघतात, हें खरें. परंतु ज्या घरीं मुलें यंत्र माडीवर नाहीं तर आगगाडींत हातीं घेऊनच खेळतात, तेथें केवळ फोर-केसाठीं अधिक पैसे मोजण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. दिवाणखान्यांत मोठा टीव्ही असून सर्वांनीं मिळून खेळावयाचें असेल, तर हवा तो खेळ तेथें किती बिंदूंनीं चालतो, हें दुकानदारास आधीं विचारावें.