माजी सत्ताधीश आणि न्यायासन

अधिकाराच्या बळावर ज्यानें प्रजेचा छळ केला, त्याचा अधिकार गेल्यावर न्याय कोणीं करावा? जेथें गुन्हा घडला तेथील न्यायासनानें, हें सरळ उत्तर आहे. पण तेथील न्यायासन दुबळें असलें म्हणजे काय करावें?

चाड देशाचा अध्यक्ष हिसेन हाब्रे याची हकीकत ह्या दृष्टीनें मनन करण्याजोगी आहे. १९८२ पासून १९९० पर्यंत त्यानें राज्य केलें. त्या काळांत सुमारें ४०,००० माणसें प्राणांस मुकलीं, असा अंदाज त्याच देशाच्या चौकशी-मंडळानें पुढें केला. पदच्युत होतांच हाब्रेनें सेनेगल देशांत आश्रय घेतला. तेथें २००० सालीं पीडितांनीं फिर्याद केली. पण परदेशांत घडलेल्या छळाचा न्याय करण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असें तेथील वरिष्ठ न्यायालयानें २००१ सालीं ठरविलें. पीडितांनीं बेल्जमच्या न्यायालयाचेंहि दार ठोठावलें होतें. त्या न्यायालयानें २००५ सालीं पकडवॉरंट काढलें. परंतु सेनेगल आरोपीस हवालीं करीना व स्वतः खटलाहि चालवीना! हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयास २००२ पूर्वींच्या गुन्ह्यांचा अधिकारच नव्हता. अखेर २०१२ सालीं हेग येथीलच आंतरराष्ट्रीय न्यायालयानें छळविरोधी कराराच्या आधारें सेनेगलला बजाविलें कीं, आरोपीस हवालीं करावयाचें नसेल, तर विलंब न लावतां खटला चालवा. मग आफ्रिकी संघाच्या साहाय्यानें डाकार येथें खास न्यायासन स्थापन झालें व ३० मे २०१६ रोजीं हाब्रेस जन्मठेप झाली.

परक्यांनीं आमच्या माजी अधिकाऱ्याचा न्याय करावा, हा आमच्या सार्वभौमत्वाचा अपमान होय, असें कोणी म्हणेल. आम्ही त्यांस विचारतों, सार्वभौमत्व प्रजेच्या रक्षणासाठीं कीं तिच्या मारेकऱ्यांच्या आश्रयासाठीं? खुद्द चाडनेंच २००२ सालीं हाब्रेचें संरक्षण काढून घेतलें होतें. स्वदेशानें प्रथम न्याय करावा. तो करीत नसेल, तर आरोपी जेथें सांपडेल त्या देशानें करावा. तोहि मागें सरेल, तर राष्ट्रांनीं मिळून न्यायासन उभारावें. ह्या तिहींपैकीं एकहि दार उघडें नसणें, हीच खरी नामुष्की होय.

ज्या करारानें सेनेगलला कर्तव्याची आठवण दिली, त्यावर हिंदुस्थानानें १९९७ सालीं सही केली, पण त्यास मंजुरी मात्र दिलेली नाहीं. दुसऱ्यास न्याय शिकविण्यापूर्वीं आपण ही सही पुरी करूं या.