ॲपवाल्यांचा शनिवार

पडद्यावर प्रवासाच्या एका ॲपचा स्क्रीन होता. वरच्या हिरव्या पट्टीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुम्ही पुणेला पोहोचलात.’ फोनची बॅटरी न संपवता प्रवाशाचं ठिकाण कसं ओळखायचं, हे ॲप लिहिणारा मुलगा समजावून सांगत होता आणि खोलीतले तीस-पस्तीस जण मन लावून ऐकत होते. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका डिझायनर मुलीने हात वर केला. “दादा, बॅटरीचं छान समजलं. पण तिथे ‘पुण्याला’ पाहिजे ना?”

“हो, पण गावाचं नाव सर्व्हरवरून येतं. मी त्याला फक्त ‘ला’ जोडतो.”

मग पुढचा अर्धा तास बॅटरीकडे कोणी वळलंच नाही. नाशिकला, सांगलीला, जळगावला इथे काही अडत नाही. पण सातारा, ठाणे, धुळे आले की ‘ला’ आधी नावालाच वाकवतो. साताऱ्याला, ठाण्याला, धुळ्याला. कोणी म्हणालं, कोल्हापूरला बरोबर आहे, पण ‘त’ लावला की कोल्हापुरात होतं, तिथे ‘पू’चा ‘पु’ होतो. शाळेत सामान्यरूप म्हणून घोकलेला धडा आता प्रोग्रामिंगचा प्रश्न होऊन समोर उभा होता. फळ्यावर तीन रकान्यांचा तक्ता तयार झाला : गावाचं नाव, ‘ला’ लावतानाचं रूप, ‘त’ लावतानाचं रूप. दुसऱ्या एकाचं म्हणणं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा वाक्यच बदलावं. ‘ठिकाण आलं : पुणे’ असं लिहिलं की विभक्तीचा प्रश्नच उरत नाही. त्यावर ती मुलगी म्हणाली, “पण असं कोणी बोलतं का?”

मोबाइल ॲप लिहिणारे आणि त्यांचे स्क्रीन आखणारे महिन्या-दोन महिन्यांनी असे एकत्र जमतात. मंडळी त्याला मीटअपच म्हणतात. बहुधा शनिवार सकाळ असते. एखादी कंपनी सुट्टीच्या दिवशी आपलं कॅन्टीन नाहीतर ट्रेनिंग रूम देते. गेटवर लॅपटॉपचा नंबर वहीत लिहावा लागतो. आत पंचवीस-तीस मिनिटांची दोन-तीन टॉक, मग पाच मिनिटांची लाइटनिंग टॉक, मग चहा आणि सामोसे. प्रवेश बहुतेक ठिकाणी फुकट असतो. नोंदणी करून न येणारे पुष्कळ, त्यामुळे सामोसे किती सांगायचे हे आयोजकांचं कायमचं कोडं. आयोजक म्हणजे नोकरी सांभाळून हे काम करणारे तिघं-चौघं. वक्त्याला गळ घालणं, जागा मिळवणं, प्रोजेक्टरला लागेल ते ॲडॉप्टर आठवणीने आणणं, सगळं त्यांच्यावरच.

पुण्याला सभांचं नवल नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला या शहराला ऐकायला शिकवून गेली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ५ मार्च १९७५ रोजी, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. घरी संगणक जुळवता येईल का, एवढाच त्यांचा विषय होता. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ नावाने ओळखली गेलेली ही मंडळी आजच्या सगळ्या मीटअपची पूर्वज. स्टीव्ह वॉझ्नियाक त्या पहिल्या बैठकीला होते. पुढे ‘ॲपल-१’चे आराखडे त्यांनी याच क्लबात खुशाल वाटले.

मला त्या क्लबाची बैठकीची रीत फार महत्त्वाची वाटते. सूत्रसंचालक ली फेल्सेनस्टाइन यांनी बैठकीचे दोन भाग पाडले होते. पहिल्या भागात ज्याला वाटेल त्याने उठायचं आणि आपल्याकडे काय आहे, आपल्याला काय हवं आहे, ते सांगायचं. याला ते ‘मॅपिंग’ म्हणत. दुसरा भाग ‘रँडम ॲक्सेस’चा. खुर्च्या सोडायच्या आणि आपल्या कामाचा माणूस गर्दीतून शोधून काढायचा. व्याख्यानमालेत एक देतो आणि बाकीचे घेतात. इथे प्रत्येकाने थोडं द्यायचं, थोडं मागायचं. मागण्यात कमीपणा नाही, ही त्या रीतीतली खरी शिकवण.

एकमेकांशी बोलणं या कामाला किती लागतं, ते २००८ साली उलट्या बाजूने दिसलं. त्या मार्चमध्ये ॲपलने आयफोनसाठी ॲप लिहिण्याची साधनं बाहेर दिली आणि १० जुलैला ॲप स्टोअर उघडलं. पण ती साधनं घेताना गुप्ततेच्या करारावर सही करावी लागे. आपण कुठे अडलो, काय सापडलं, हे दुसऱ्या डेव्हलपरला सांगण्याचीही त्यात मुभा नव्हती. दुकान उघडलं, माल विकला जाऊ लागला, आणि कारागिरांना मात्र आपसांत बोलायची बंदी. या विषयावरची पुस्तकंसुद्धा अडकून पडली. ओरड वाढली आणि १ ऑक्टोबर २००८ ला ॲपलने बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरपुरती ती अट काढून टाकली. त्याच महिन्यात पहिला अँड्रॉइड फोन अमेरिकेत विकायला आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगावी गट उभे राहिले. गुगलच्या तंत्रांभोवती जमणाऱ्या गटांना आधी ‘जीटग’ म्हणत, २०१२ पासून त्यांचं नाव ‘गुगल डेव्हलपर ग्रुप’, म्हणजे जीडीजी, झालं. आज शंभराहून जास्त देशांत ते आहेत, पुण्यात आणि मुंबईतही आहेत. ते चालवणारे गुगलचे नोकर नसतात, गावातलेच स्वयंसेवक असतात.

पुण्यात ही जमीन आधीच नांगरलेली होती. मॉडेल कॉलनीतल्या आतुर सेंटरमध्ये सिंबायोसिसच्या संगणक संस्थेने लिनक्सवाल्यांना, बारकॅम्पला, ‘ग्नूनिफाय’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला आपल्या वर्गखोल्या वर्षानुवर्षं खुल्या ठेवल्या होत्या. बारकॅम्पमध्ये तर वक्ता कोण, श्रोता कोण, हे आधी ठरलेलं नसे. ॲपवाल्यांना ही सवय आयती मिळाली.

या कामात शिकलेलं लवकर जुनं होतं. जून २०१४ मध्ये ॲपलने स्विफ्ट ही नवी भाषा आणली. मे २०१७ मध्ये गुगलने अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत मान्यता दिली. जावात वर्षं घालवलेली माणसं पुन्हा पहिलीच्या बाकावर येऊन बसली, आणि अशा वेळी दोन महिने आधी शिकलेला माणूसही गुरू ठरतो. म्हणून मे-जूनच्या मोठ्या घोषणा झाल्या की पुढच्या शनिवारी खोलीत खुर्च्या कमी पडतात.

पण माझ्या मनात घर करून राहिलेलं टॉक पाचच मिनिटांचं होतं. वक्त्याने सगळ्यांना आपापला अँड्रॉइड फोन काढायला लावला. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ नावाचा एक खटका असतो. तो चालू केला की दुसऱ्या ॲपमध्ये जाताक्षणी आधीचा स्क्रीन फोन मोडून टाकतो. “आता आपापलं ॲप उघडा, एखादा फॉर्म अर्धा भरा, मेसेज बघून या.” मंडळी परत आली आणि खोलीत हळहळ पसरली. कुणाचा फॉर्म कोरा झाला होता, कुणाचं ॲप क्रॅश झालं होतं.

वक्ता म्हणाला, “तुमच्या महागड्या फोनवर हे क्वचित होतं, कारण मेमरी भरपूर असते. तुमचं ॲप वापरणाऱ्याच्या फोनवर रोज होतं.”

मी तेव्हा आईसाठी विम्याचा एक फॉर्म भरत होतो. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलो की परत येईपर्यंत फॉर्म कोरा. असं तीनदा झालं. आईला वाटलं, तिचंच काही चुकतंय. त्या शनिवारी मला कळलं की चूक कुठे होती. स्क्रीन मोडण्याआधी भरलेली माहिती बाजूला जपून ठेवायची आणि स्क्रीन पुन्हा उभा राहिला की परत मांडायची, ही दोन पावलं कुणीतरी गाळली होती. ॲप लिहिणाऱ्याच्या टेबलावर सगळं नीट चालत होतं, म्हणून त्याला ते कधी दिसलंच नसणार.

डिझायनर मंडळी या खोलीत यायला लागली आणि न दिसणाऱ्या अशा किती तरी गोष्टी दिसू लागल्या. इंग्रजी मजकुराच्या मापाने आखलेल्या बटणात मराठी घातलं की वरचे रफार आणि अनुस्वार छाटले जातात, खालचे उकार कापले जातात. ‘सुनीता ने फोटो पाठवला’ अशी नावाला तुटलेली विभक्ती दिसते, कारण कोडमध्ये मधली जागा कोणी काढलेली नसते. बोटाने दाबायच्या जागेचं किमान माप अँड्रॉइडवर ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, सांगितलेलं आहे. एका डिझायनरने ते माप समजावताना सगळ्यांना उभं केलं. एक हात वर, पीएमपीच्या बसमधली कडी धरल्यासारखा, आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर फक्त अंगठ्याने तिकीट काढायचं. वरच्या कोपऱ्यातल्या बटणापर्यंत कितीतरी अंगठे पोहोचले नाहीत. त्या खोलीत त्यानंतर ४८ हा आकडा कोणी विसरलं असेल असं वाटत नाही.

हल्ली विचारतात, उत्तरं तर नेटवर मिळतात, एआयला विचारलं की कोडही लिहून मिळतं, मग शनिवार कशाला घालवायचा? २०२० च्या मार्चनंतर सगळं ऑनलाइन गेलं तेव्हा टॉक तर चालूच होती, घरबसल्या ऐकता येत होती. बंद पडला तो चहा. आणि ‘पुणेला’चा प्रश्न बॅटरीवरच्या टॉकमध्ये निघाला होता, हे विसरून चालणार नाही. त्या मुलाने तो कुठेच विचारला नसता, कारण आपल्याला तो प्रश्न आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो दिसायला मागच्या रांगेत कोणीतरी बसलेलं असावं लागतं.

एक मागणं मात्र मनापासून आहे. अजूनही बहुतेक टॉक इंग्रजीत होतात आणि लहान गावातून पुण्यात आलेली मुलं प्रश्न विचारायला चहापर्यंत थांबतात. प्रश्न मराठीतही चालतील, एवढं एक वाक्य सुरुवातीला कोणी म्हटलं तरी खोली बदलते. हे मी पाहिलं आहे. त्या दिवशी तो हात वर झाला, तोही असं वाक्य म्हटलं गेल्यानंतरच.

फळ्यावरच्या तक्त्याचा फोटो त्या दिवशी अनेकांनी काढला. दुसऱ्या दोन ॲपवाल्यांनी तो मागून घेतला, आपापली गावं त्यात घातली. महिन्याभराने त्या प्रवासाच्या ॲपचं अपडेट आलं. काय बदललं, या मथळ्याखाली दोनच शब्द होते, ‘किरकोळ दुरुस्त्या’. त्या आठवड्यात मी साताऱ्याहून परतत होतो. कात्रजचा बोगदा मागे पडला, फोन थरथरला आणि हिरव्या पट्टीत अक्षरं उमटली, ‘तुम्ही पुण्याला पोहोचलात.’