तारण कशाला म्हणतात?

मैत्रिणींनो, केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. तिथल्यासारखी इव्हँजेलिकल, म्हणजे शुभवार्ता सांगणारी, ख्रिस्ती मंडळी काय मानतात ते आज समजून घेऊ.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच. माणसांच्या पापांसाठी येशूने वधस्तंभावर प्राण दिला, तिसऱ्या दिवशी तो उठला. त्यांचं ‘तारण’ म्हणजे आपल्या कर्जाचं नव्हे, तर पापातून सुटका. ती दानपुण्यानं कमावता येत नाही. विश्वासानं, देवाच्या कृपेनं मिळते. चांगली कामं करायची ती कृतज्ञतेपोटी.

बायबलचा शब्द शेवटचा, आणि तो प्रत्येकीनं स्वतः वाचायचा. म्हणून रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. १९२२ साली त्या गेल्या. ते छापून आलं १९२४ साली.

आपला धर्म कुठलाही असो, आपली पोथी आपण स्वतः वाचतो का?