२६६५ ग्रॅम

पुण्यातील धर्मादाय रुग्णालयांचा इतिहास बहुधा कोनशिलांवरून लिहिला जातो, कारण कोनशिला वाचायला सोप्या असतात. ससून रुग्णालयाची कोनशिला १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बसली आणि इमारत १८६७ मध्ये पुरी झाली. ज्यांच्या देणगीवर ती उभी राहिली ते बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून त्याआधीच, १८६४ मध्ये, पुण्यातच निवर्तले होते, आणि कॅम्पातील ज्या सिनेगॉगला पुणेकर लाल देऊळ म्हणतात त्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांची संपत्ती कापसाच्या आणि चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारातून आलेली होती, हे रुग्णालयाविषयीच्या गौरवपर लेखनात सहसा येत नाही. अर्थात अफूच्या पैशातून उठलेल्या भिंतींआड गेली दीडशे वर्षे गरिबांवर उपचार होत आले आहेत, हेही तितकेच खरे. प्रश्न निराळाच आहे. भिंतींना दाता मिळणे तेव्हाही तुलनेने सोपे होते आणि आजही आहे. पण रुग्णाच्या उशाशी रात्र जागवणाऱ्या माणसाला, आणि रुग्णाच्या दुखण्यातून जो शास्त्रीय प्रश्न उभा राहतो त्याला, दाता मिळणे फार अवघड. पुण्याच्या बाबतीत या दोन उपेक्षित गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध विलक्षण आहे, आणि तो उलगडतो नवजात बालकाच्या वजनाच्या नोंदीतून.

आधी उशाशी बसणाऱ्या माणसांविषयी. रमाबाई रानडे आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि १९११ पासून त्या संस्थेच्या काही स्त्रिया परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससूनमध्ये जाऊ लागल्या. तोवर हा पेशा येथे प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती स्त्रियांचा मानला जाई. उच्चवर्णीय हिंदू घरातील स्त्रीने, त्यातही विधवेने, रात्रपाळीला घराबाहेर राहावे, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढावे, ही कल्पनाच शहराला मानवणारी नव्हती. ज्या पेठांतून गरिबांच्या उपचारासाठी वर्गणी निघत असे, त्याच पेठांतून या कामासाठी मुलगी मात्र निघत नव्हती. रमाबाईंनी या विरोधाशी जाहीर वाद घालण्यापेक्षा स्त्रियांच्या राहण्याची, शिकण्याची आणि पाठीशी उभे राहण्याची व्यवस्था करण्यावर भर दिला. दानधर्माच्या इतिहासात या प्रयत्नाला एखाद्या दालनाच्या देणगीपेक्षा अधिक जागा मिळायला हवी होती. ती मिळालेली नाही, कारण परिचारिकेच्या शिक्षणावर संगमरवरी पाटी बसवता येत नाही.

योगायोग असा की, त्याच १९११ साली इंग्लंडच्या हार्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनी एक नोंदपद्धती सुरू केली. त्या परगण्याच्या सुईणींच्या पहिल्या स्त्री-निरीक्षक होत्या. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीसाठी आलेले ब्रिटिश तरुण शरीराने कमकुवत निघाल्यामुळे तेथे बालसंगोपनाची काळजी वाढली होती, आणि त्या काळजीतूनच बर्नसाइडबाईंनी प्रत्येक सुईणीला जन्मलेल्या मुलाचे वजन लिहून ठेवण्यास सांगितले. पुढे आरोग्यसेविका घरी जाऊन ते मूल अंगावर पिते की बाटलीने हे पाहत आणि वर्षाचे झाल्यावर पुन्हा वजन घेत. या नोंदी मोठ्या चोपड्यांत उतरल्या आणि त्या चोपड्या पडून राहिल्या. सत्तरेक वर्षांनी साउथहॅम्प्टनचे वैद्यक संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या लागल्या तेव्हा १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५६५४ पुरुषांचा माग काढण्यात आला, आणि १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्यांचे वजन जन्मतः आणि वर्षाचे असताना कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक होते. प्रौढ वयातील आजाराची बीजे गर्भावस्थेतच पडतात, हा बार्करांचा सिद्धान्त उभा राहिला तो सुईणींच्या हस्ताक्षरावर. संशोधन म्हणजे केवळ प्रयोगशाळा आणि सूक्ष्मदर्शक, असे मानणाऱ्यांनी या चोपड्या ध्यानात ठेवाव्यात.

हा सिद्धान्त पुण्यात आला तो रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात. मुंबईच्या त्याच नावाच्या महापालिका रुग्णालयाशी या संस्थेची गल्लत नेहमी होते. दोन्हींना सातव्या एडवर्डचे नाव आहे, पण पुण्याचे केईएम १९१२ चे, म्हणजे मुंबईच्या केईएमहून चौदा वर्षांनी जुने, आणि ते सरकारचे किंवा पालिकेचे नसून न्यासाचे आहे. १९४४ मध्ये डॉ. बानू कोयाजी येथे रुजू झाल्या तेव्हा ते चाळीस खाटांचे प्रसूतिगृह होते. पुढील अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी ते चालवले आणि पाचशेहून अधिक खाटांचे सर्वोपचारी रुग्णालय केले. बानूबाईंच्या कारकिर्दीतील त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९७०च्या दशकात रुग्णालयाने शहराची वेस ओलांडून वढू बुद्रुक या गावी, जेथे संभाजी महाराजांची समाधी आहे तेथे, ग्रामीण आरोग्याचे काम हाती घेतले. रुग्णालय उघडले म्हणजे रुग्ण येतात, हा शहरी समज खेड्यात टिकत नाही हे त्यांनी ओळखले आणि गावातल्याच स्त्रीपुरुषांना आरोग्यरक्षक म्हणून शिकवण्याची पद्धत अवलंबली. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्यावर लिहिणारे लेखक खाटांची वाढती संख्या आवर्जून देतात, पण घरोघर जाऊन नोंद ठेवण्याची सवय ही त्या खाटांहून टिकाऊ मिळकत ठरली असे म्हणायला जागा आहे.

येथे रुग्णसाहाय्याच्या कायदेशीर बाजूचा उल्लेख करावा लागतो, जरी ती बाजू वाचायला रुक्ष असली तरी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात, आणि इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी या वेगळ्या खात्यात जमा करायची असते. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेण्याचे बंधनही तिच्यात आहे. म्हणजे पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या बिलातून न भरू शकणाऱ्याचा खर्च निघतो, आणि दान ही दात्याच्या मर्जीची बाब न राहता हिशेबाची बाब होते. योजना कागदावर चांगली आहे. अंमलबजावणीबाबत तक्रारी वारंवार होतात आणि त्यांतील बऱ्याचशा रास्त असतात. तथापि या निधीची चौकट रुग्णाच्या बिलापुरती आहे. परिचारिकेचे प्रशिक्षण किंवा वीस वर्षे चालणारे संशोधन तिच्यात बसत नाही. त्यासाठी पैसा अन्यत्र शोधावा लागतो, आणि केईएमच्या बाबतीत तो मोठ्या प्रमाणात लंडनच्या वेलकम ट्रस्टकडून आला, म्हणजे औषध कारखानदार हेन्री वेलकम यांच्या १९३६ मधील मृत्यूनंतर त्यांच्या मृत्युपत्रान्वये स्थापन झालेल्या न्यासाकडून. रुग्णाचा धर्मादाय स्थानिक आणि संशोधनाचा धर्मादाय परदेशी, ही विभागणी पुण्यासारख्या श्रीमंत होत गेलेल्या शहराला भूषणावह नाही.

केईएमच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउथहॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी आधी चार वर्षांच्या ३७९ पुणेरी मुलांची ग्लुकोज देऊन रक्ततपासणी केली. या मुलांचे जन्मवजन ठाऊक होते, आणि तीच त्यांच्या निवडीतील मोलाची गोष्ट होती. जन्मतः हलक्या असलेल्या मुलांत साखर आणि इन्सुलिन या दोन्हींची पातळी अधिक आढळली. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. चार वर्षांच्या मुलात मधुमेहाची चाहूल लागते, एवढ्यावर थांबणे शक्य होते, परंतु पुढचा प्रश्न गर्भापर्यंत जाणारा होता, आणि त्यासाठी दिवस जाण्याच्या आधीपासून स्त्रियांची नोंद ठेवणे भाग होते.

म्हणून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू झाला. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख विचारली जाई, आणि पाळी चुकलेल्या स्त्रीची सोनोग्राफी करून गर्भाचे वय नक्की केले जाई. सासू, जाऊ आणि नवरा यांच्या देखत, दर महिन्याला, हा प्रश्न विचारण्यासाठी विचारणारी कोणत्या जातीची व्यक्ती होती यापेक्षा तिच्यावर गावाचा विश्वास होता की नाही हे महत्त्वाचे होते; शास्त्रीय निबंधात या कामाला पद्धतीच्या परिच्छेदातील एखादे वाक्य मिळते. अखेर ७९७ गर्भारपणे अभ्यासात राहिली. या माता सरासरी एकवीस वर्षांच्या, १५२ सेंटिमीटर उंचीच्या आणि गर्भधारणेपूर्वी अवघ्या ४१.७ किलो वजनाच्या होत्या. अठराव्या आठवड्यात त्यांच्या पोटात दिवसाला सुमारे १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने जात, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात, जेव्हा गरज वाढलेली असते, तेव्हा त्याहूनही थोडे कमी. मूल जन्मल्यापासून बहात्तर तासांच्या आत त्याची मापे घेतली गेली: वजन, लांबी, डोक्याचा, पोटाचा आणि दंडाचा घेर, आणि कॅलिपर नावाच्या चिमट्याने पाठीवरच्या व दंडावरच्या कातडीच्या घडीची जाडी, जिच्यावरून त्वचेखालच्या चरबीचा अंदाज येतो. सरासरी वजन भरले २६६५ ग्रॅम.

साउथहॅम्प्टनची मुले सरासरी साडेतीन किलोची होती, त्यामुळे पुण्याच्या मुलांची सगळीच मापे कमी असणे अपेक्षित होते. पण ती सारखी कमी नव्हती. पोटाच्या घेरात, जो यकृतासारख्या अवयवांच्या आकाराचा निदर्शक आहे, आणि दंडाच्या घेरात, जो स्नायूंचा निदर्शक आहे, फार मोठी तूट होती. पाठीवरची चरबी मात्र जवळपास टिकून होती. किडकिडीत दिसणारे हे मूल आतून लठ्ठ होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याला दिलेले ‘थिन-फॅट’ हे नाव जगभर रूढ झाले. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र आले: दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक तंतोतंत २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वैद्यकाच्या नियतकालिकात स्वतःलाच नमुना म्हणून उभे करण्याइतकी विनोदबुद्धी संशोधकांत क्वचितच दिसते.

आहाराविषयीचा निष्कर्ष अधिक अडचणीचा होता. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये आलेल्या निबंधात मातेच्या एकूण कॅलरी किंवा प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. तो दिसला दुधाशी, हिरव्या पालेभाज्यांशी आणि फळांशी, म्हणजे सूक्ष्म पोषकद्रव्यांशी. रक्त तपासले असता दोनतृतीयांश मातांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निघाली, पण फॉलिक आम्लाची कमतरता जवळजवळ कोणातच नव्हती. सहा वर्षांनंतर त्यांची मुले तपासली तेव्हा, ज्या मातांत फॉलेट अधिक आणि बी-१२ कमी होते त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. सरकारी आरोग्यसेवा गर्भवतींना लोहासोबत फॉलिक आम्लाची गोळी देते. बी-१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळते, आणि गरिबीने किंवा रीतीने ज्यांच्या ताटात हे पदार्थ तुटपुंजे असतात त्यांचा विचार त्या गोळीत नाही. शाकाहाराला सात्त्विकतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या शहराजवळच हे आढळावे, यावर अधिक भाष्य नको.

या अभ्यासावर एक आक्षेप सहज सुचतो: कुपोषित मातांची मापे घेत राहणे आणि त्यांना खाऊ न घालणे हे धर्मादाय संस्थेला शोभते काय? आक्षेप वजनदार आहे. त्याचे अर्धे उत्तर असे की, काय खाऊ घालावे हेच ठाऊक नव्हते, आणि कॅलरी वाढवण्याचा सरधोपट मार्ग धरला असता तर चरबीच वाढण्याची भीती होती. उरलेले अर्धे उत्तर २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात आहे. त्या सहा गावांत १९९३ नंतर जन्मलेली तीच मुले तोवर वयात आली होती, आणि त्यांच्यातील मुलामुलींना लग्नाआधीपासून बी-१२ च्या गोळ्या देण्यास प्रारंभ झाला. काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्येही, तर काहींना तुलनेसाठी निष्क्रिय गोळ्या. पुढे त्यांची लग्ने झाली, मुली सासरी गेल्या, तेव्हा त्यांच्यामागे जाणे हाही कामाचाच भाग झाला. त्यांना मुले होऊ लागली तेव्हा, ज्यांचे स्वतःचे वजन कधीकाळी २६६५ ग्रॅमच्या सरासरीत मोजले गेले होते, त्यांची बाळे पुन्हा त्याच मापांसाठी काट्यावर आली.