ताप कितव्या दिवसाचा?

सकाळी ८.३०
वॉर्डातले मामा नमुन्यांचा थंड डबा टेबलावर ठेवतात. पावसाळा उताराला लागला की सरकारी रुग्णालयातल्या आमच्या सेंटिनल प्रयोगशाळेत डेंगी-चिकुनगुन्याच्या संशयाचे नमुने वाढतात. नळीला हात लावण्याआधी मी फॉर्म वाचते. वय, गाव, गरोदर आहे का, ताप कधी सुरू झाला. शेवटचा रकाना रिकामा दिसला की लगेच वॉर्डात फोन.
"डॉक्टर, बेड नंबर बाराच्या पेशंटला ताप कधीपासून?"
"आजच ॲडमिट झालाय, मॅडम."
"ॲडमिट झाल्याची तारीख नको. अंगात पहिल्यांदा ताप कधी भरला, ते घरच्यांना विचारून सांगा."
या एका तारखेवर पुढचा सगळा दिवस उभा असतो.

सकाळी ९.१५
नमुन्यांची वाटणी. तापाचे पहिले पाच दिवस असतील तर रक्तात खुद्द विषाणू शोधायचा. डेंगीसाठी एनएस१ हे त्याचं प्रथिन तपासतो, नाहीतर आरटी-पीसीआर. पाच दिवस उलटले असतील तर आयजीएम प्रतिपिंडं तपासायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार डेंगीच्या रुग्णांपैकी सुमारे ५० टक्क्यांत ही प्रतिपिंडं तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत दिसतात, ८० टक्क्यांत पाचव्या दिवशी आणि ९९ टक्क्यांत दहाव्या दिवशी. म्हणजे तिसऱ्या दिवशीचा 'आयजीएम निगेटिव्ह' रुग्णाला डेंगी नाही असं सांगतच नाही. दुसऱ्यांदा डेंगी झालेल्यांत तर आयजीएम कधी कधी फारच कमी वाढतं.

सकाळी १०.३०
प्लेट लावायला घेते. किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था कीटकजन्य आजारांच्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमासाठी देशभर अशी किट पुरवते. प्लेटला ९६ वेल. त्यांच्या तळाशी माणसाचं आयजीएम पकडणारा थर असतो. पातळ केलेलं सिरम त्यात घालायचं, मग विषाणूचं अँटिजेन, मग खूण लावलेलं प्रतिपिंड, मग एन्झाइम आणि शेवटी रंग देणारं द्रावण. मधल्या टप्प्यांत प्लेट ३७ अंशांवर ठेवायची आणि दर वेळी नीट धुवायची. धुण्यात कसर राहिली की नसलेला रंग उमटतो, म्हणून इथे घाई करत नाही.

दुपारी १२.३०
प्लेट इन्क्युबेटरमध्ये असतानाच तालुक्याच्या गावातून एका खासगी डॉक्टरांचा फोन येतो. डेंगीच्या रॅपिड कार्डावर आयजीएमची रेघ उमटलीय, एनएस१ची नाही, आणि ताप कालपासूनचा. मी विचारते, "दोन-तीन महिन्यांत आधी कधी ताप येऊन गेला होता?" ते रुग्णाला विचारतात. गणपतीच्या आधी येऊन गेला होता. डेंगीचं आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकतं, त्यामुळे आजचा ताप कशाचा, हे ती रेघ सांगू शकत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातही रॅपिड कार्डावरचा निकाल संशयितच धरतात, खात्रीचा नाही. "नमुना पाठवा, आणि मलेरिया, लेप्टो विसरू नका," एवढं सांगून फोन ठेवते.

दुपारी ३.००
रीडरवर आकडे येतात. आधी कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच ठाऊक असलेले नमुने पाहायचे. ते चुकले तर सगळी प्लेट बाद. मग प्रत्येक नमुना कट-ऑफच्या वर की खाली, ते पाहायचं. इंटर्नला मी फळ्यावर एक गणित घालते. चाचणी ९५ टक्के आजारी बरोबर पकडते आणि ९५ टक्के निरोगी बरोबर वगळते, असं धरू. साथीत १००० तापकऱ्यांपैकी २०० जणांना तो आजार असेल तर खरे पॉझिटिव्ह १९०, खोटे ४०. पण आजार नवा असेल आणि हजारात दहाच जणांना झाला असेल, तर खरे नऊ-दहा आणि खोटे सुमारे ५०. चाचणी तीच, पण सहा पॉझिटिव्हपैकी पाच खोटे! नवा विषाणू गावात शिरतो, तेव्हा नेमकी हीच अवस्था असते.

दुपारी ४.००
दिवसातला सर्वांत अवघड फॉर्म: गर्भवती, ताप आणि पुरळ येऊन दहा दिवस झालेले, झिकाची शंका. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला जुलै २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला आणि २०२४ मध्ये पुण्यात अनेक गर्भवतींना लागण झाली. तेव्हापासून हा फॉर्म वेगळ्या ट्रेमध्ये जातो. झिका, डेंगी, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल ही एकाच भावकीतली मंडळी, चेहरेपट्टी इतकी सारखी की एकासाठी तयार झालेलं प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटतं. आपल्याकडे डेंगी होऊन गेलेले लोक घरोघरी आहेत आणि विदर्भातल्या काही जिल्ह्यांत मेंदूज्वराची लसही दिली जाते. अशा रक्तात झिकाचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर त्यातून नुसता प्रश्न उभा राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्येच डॉक्टरांना बजावलं होतं की खात्री करणारा निकाल येईपर्यंत केवळ आयजीएमवर गर्भवतीच्या उपचारांचे निर्णय घेऊ नका.
म्हणून रक्ताबरोबर लघवीचाही नमुना घेतो. लघवीत झिकाचा आरएनए रक्तापेक्षा जास्त दिवस सापडू शकतो. शंका उरलीच तर पीआरएनटी: जिवंत विषाणू आणि रुग्णाचं सिरम पेशींवर एकत्र सोडून कोणत्या विषाणूला सिरम रोखतं ते मोजायचं. या चाचणीला जैवसुरक्षेची खास व्यवस्था आणि कित्येक दिवस लागतात. आधी डेंगी होऊन गेला असेल तर कधी कधी तीही निर्वाळा देत नाही.

सायंकाळी ५.१५
अहवाल. 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द मी लिहीत नाही. तापाचा कितवा दिवस, कोणती चाचणी, आणि गरज असेल तिथे 'दहा ते चौदा दिवसांनी दुसरा नमुना पाठवावा' असंही लिहिते. दोन नमुन्यांत प्रतिपिंडं चौपट वाढलेली दिसली, तर ती लागण अलीकडची मानता येते. पॉझिटिव्ह रुग्णांची यादी जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांकडे जाते. उद्या त्याच गल्ल्यांत कीटक समाहारक आणि आशाताई पाण्याची पिंपं तपासतील. आमचा निकाल चुकला, तर त्यांचे पाय चुकीच्या गल्लीत वळतील.

सायंकाळी ६.००
झिकाचे नमुने बर्फात घालून पुण्याला रवाना.
डॉक्टरांना माझी विनंती आहे: फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख लिहाच. आणि ताप आलेल्या प्रत्येकाला: ती तारीख लक्षात ठेवा, दुसऱ्या नमुन्यासाठी बोलावलं तर या, आणि गरोदर असाल तर एकट्या आयजीएमच्या कागदावर कोणताही निर्णय घेऊ नका.